मोरगावहून पुढे : पाण्याकाठचा मुक्काम

मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन झालं की अनेक गाड्या जेजुरीकडे वळतात. मुक्कामाला मात्र बारामतीमार्गे भिगवण गाठावं.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्याला समुद्रासारखा अफाट जलाशय लाभला. याच जलाशयाकाठी, भिगवणजवळच्या कुंभारगावात घरगुती राहण्याची सोय होते; जेवणात चिलापीचं झणझणीत कालवण. सकाळी गावचे मच्छीमारच नावेतून रोहित पक्षी दाखवायला नेतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंसही इथे दिसतात, आणि ते पाहणं हे खरं भाग्य! पळसदेवचं बुडालेलं प्राचीन मंदिर मात्र उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावरच उघडं पडतं.

पक्ष्यांसाठी डिसेंबर ते मार्च उत्तम. नाव थव्यापासून लांबच ठेवायला सांगा.