‘ग्लूटेन? ते आज संपलं, मॅडम!’

नागपुरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये मला मिळालेलं हे उत्तर. मी वेटरला विचारलं होतं, ‘‘या भाजीत ग्लूटेन आहे का?’’ त्या बिचाऱ्याला वाटलं, मी एखादा पदार्थच मागतेय! लेक खुदकन हसली, मलाही हसू आलं. पण भंडाऱ्याला परतताना तासाभराच्या प्रवासात एक गोष्ट लक्षात आली. चूक त्याची नव्हती. माझा प्रश्नच चुकला होता.

माझ्या लेकीला सिलिॲक हा आजार आहे. आठव्या वर्षापर्यंत तिची उंची वाढेना, लोहाच्या कितीही गोळ्या दिल्या तरी हिमोग्लोबिन हलेना. शेवटी रक्ताची तपासणी आणि एंडोस्कोपी झाली तेव्हा निदान झालं. गहू आणि जवामधल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर औषध नाही. गहू, मैदा, रवा, जव आयुष्यभर बंद, एवढाच उपाय.

नातेवाईक म्हणाले, ‘‘अवो, आपला जिल्हा धानाचा! भाताची का कमी आहे?’’ खरंच, घरात काही अडलं नाही. भात, तांदळाची आणि ज्वारीची भाकर, वरण, बेसन सगळं चालतं. अडलं ते घराबाहेर. एकदा एका साखळी रेस्टॉरंटमध्ये तिला बटाट्याचे फ्राईज घेऊन दिले. बटाटा, तेल, मीठ! यात कुठला आला गहू? रात्रभर पोर पोट धरून रडली. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, त्याच कढईत ब्रेडचा चुरा लावलेल्या टिक्क्या तळत होते. तळल्यानं ग्लूटेन नष्ट होत नाही, ते तेलात उतरतं.

त्यानंतर तिनं बाहेर जाणंच सोडलं. मैत्रिणीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं, तर म्हणाली, ‘‘सगळ्या खातील आणि मी काय बघत बसू?’’ हे मला फार लागलं. पथ्य पोटाचं होतं, शिक्षा मात्र मनाला होत होती.

एवढ्याशा कणानं काय होतं, असं लोक म्हणतात. तर हिशेब ऐका. एका पोळीत साधारण ३ ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा साठावा भाग, काही महिने पोटात गेला तरी आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलंय. म्हणूनच आपल्या देशात पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन लागतं.

मग मी नेट लावून माहिती काढली. साखळी रेस्टॉरंटचा एक फायदा असतो. त्यांची कृती प्रत्येक शाखेत बहुतेक तीच असते. शिवाय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार, दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना पदार्थापुढे ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यात गहू आणि ग्लूटेन येतं. तेव्हा मेन्यूकार्ड किंवा माहितीचा तक्ता बिनधास्त मागा. मात्र तक्ता कृती सांगतो, स्वयंपाकघर नाही. कढई, झारा, तवा यांची चौकशी आपल्यालाच करावी लागते.

आता मी ‘ग्लूटेन’ हा शब्दच वापरत नाही. सरळ विचारते, ‘‘यात गव्हाचं पीठ, मैदा, रवा, जव आहे का? रस्सा घट्ट करायला काय घालता? हे तळता त्याच तेलात समोसा तळता का?’’ वेटरला माहीत नसेल, तर मॅनेजरला बोलवायला सांगते. आणि गर्दीच्या आधी जाते, म्हणजे त्यांनाही ऐकायला वेळ असतो.

मैत्रिणींनो, काही लपलेल्या जागा सांगते. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणून इडली चालली तरी सांबार विचारूनच. डोशाआधी त्याच तव्यावर रवा डोसा झाला का, तेही पाहा. चायनीजच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. माल्टच्या दुधात जव असतं. आइस्क्रीम कोनात नको, कपात घ्या. पिझ्झाच्या दुकानात तर मैदा हवेतच उडत असतो! उपवासाच्या दिवशी मात्र आमची चंगळ असते. साबुदाण्याची खिचडी, भगर मिळते. साबुदाणावडा तेवढा तेल विचारूनच.

आणखी एक. कुणाच्या मुलीचं हिमोग्लोबिन गोळ्यांनीही वाढत नसेल, तर डॉक्टरांना सिलिॲकबद्दल जरूर विचारा. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला आहे. तांदूळ खाणाऱ्या आपल्या भागात तो चटकन आठवत नाही. आणि तपासणीआधी गहू स्वतःच्या मनानं बंद करू नका, नाहीतर तपासणीत आजार दिसत नाही.

लेक आता चौदा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मैत्रिणींबरोबर गेली, मी सोबत नव्हते. काउंटरवर तिनं स्वतःच सगळे प्रश्न विचारले. मुलगा म्हणाला, ‘‘नसेल बहुतेक.’’ तिनं तो पदार्थ घेतला नाही. ‘बहुतेक’ म्हणजे ‘नाही’, हा आमच्या घरचा नियम! कपातलं साधं आइस्क्रीम, तेही नवीन चमच्यानं काढून घेतलेलं, खाऊन ती दोन तास गप्पा मारून आली.

‘‘लाज नाही वाटली विचारायला?’’ मी विचारलं.

‘‘पोट माझं आहे ना, आई,’’ ती म्हणाली.