बोअरच्या पाण्यात मालावीचे मासे

मोर्शी-वरूड पट्ट्यात बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. काळ्या खडकातून झिरपताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत आणतं. ॲमेझॉनच्या निऑन टेट्राला असं जड पाणी मानवत नाही; पूर्व आफ्रिकेतल्या मालावी सरोवराच्या रंगीत सिक्लिडांना मात्र ते चांगलं चालतं. त्या सरोवराच्या पाण्याचा सामू (pH) ८ च्या आसपास असतो आणि बायकार्बोनेटमुळे तो सहसा ढळत नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात एवढं गृहीत धरू नये. तिथल्या पाण्यात सोडियमचे क्षार जास्त असतात. खारट पाणी आणि जड पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माशांची पेटी भरण्याआधी पाण्याचा सामू, जडपणा आणि नायट्रेट तपासून घ्यावं.

पाणी जुळलं की पुढचा प्रश्न: मासे किती सोडायचे?

मालावीत सिक्लिडांच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. काठच्या खडकांवर राहणारे ‘म्बुना’ दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. नर आपापल्या कपारीवर हक्क सांगतो, शेजाऱ्याला हुसकावतो. सरोवरात हरलेल्याला पळून जाता येतं, चार फुटी पेटीत तो कोपऱ्यात सापडतो. म्हणून दोन-तीन नरच ठेवले तर बलवान नर दुबळ्याला मारून टाकू शकतो. अडीचशे लिटरच्या पेटीत पंधरा-वीस मासे असले, तर त्याचा राग एकावरच न निघता विखुरतो. प्रत्येक जातीत एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात. मादी अंडी-पिल्लं सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. अशा वेळी नराने एकट्या तिचाच पिच्छा पुरवता कामा नये. सारख्या रंगाच्या जाती एकत्र ठेवू नयेत. त्यांच्यात भांडणंही जास्त होतात आणि संकरही.

अमोनियाचा हिशेब

गर्दीने भांडण निवळतं, पण घाण वाढते. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की हे प्रमाण पाच टक्क्यांवर जातं, ८.५ ला पंधरा टक्क्यांवर. म्हणजे ज्या अल्कधर्मी पाण्यावर हे मासे खुलतात, त्याच पाण्यात तेवढीच घाण सामू ८ ला दहापट आणि ८.५ ला पंचवीस पटींहून अधिक घातक ठरते.

यावर उपाय फिल्टरमधल्या जिवाणूंचा. ते अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. त्यांची वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. इतर माशांच्या बाबतीत थोडे थोडे मासे सोडत हा काळ काढता येतो. म्बुना मात्र आधीच ताब्यात घेतलेल्या जागेत नवा पाहुणा खपवून घेत नाहीत, म्हणून ते शक्यतो एकदमच सोडावे लागतात. त्यामुळे रिकाम्या पेटीत अमोनिया घालून जिवाणू आधी वाढवावेत. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच मासे आणावेत. साचणारं नायट्रेट दर आठवड्याला थोडं पाणी बदलून कमी करता येतं. पण शेतातल्या खतांमुळे बोअरच्याच पाण्यात नायट्रेट असेल, तर पाणी बदलण्याचा उपयोग तेवढ्यापुरता घटतो. खाद्यही शेवाळप्रधान, स्पिरुलिनाचं असावं. मांसाहारी खाद्याचा मारा झाला तर म्बुनांचं पोट बिघडून ते फुगतात आणि दगावतात.

मे महिन्याची परीक्षा

वऱ्हाडातला उन्हाळा या माशांच्या सवयीचा नाही. पाणी २५ अंशांवरून ३५ वर गेलं की त्यात मावणारा ऑक्सिजन लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅमवरून ७ वर उतरतो. माशांची गरज मात्र वाढते आणि अमोनियाचा विषारी वाटाही. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावावा. आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन वेगाने होऊन पाणी काही अंश थंड होतं. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, म्हणून नुसती भर घालत न राहता थोडं पाणी बदलत राहावं. वीज गेली तर मासे आणि फिल्टरमधले जिवाणू दोघांचाही श्वास अडतो. बॅटरीवरचा हवापंप घरात हवाच.

धरणात सोडू नका

मासे जास्त झाले म्हणून ते अप्पर वर्धा धरणाच्या नल-दमयंती सागरात किंवा वर्धा नदीत सोडणं हा त्यांच्यावरचा उपकार नव्हे. आपण चिलापी म्हणून खातो तो तिलापियाही आफ्रिकी सिक्लिडच. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला, आणि आज देशभरातल्या तलावांत आणि नद्यांत तो देशी माशांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगतो. उजनी धरणाच्या पाण्यात तर चिलापी ठाण मांडून बसला आहे. अप्पर वर्धाच्या पाण्यावर मासेमारांची कुटुंबं जगतात. त्यांच्या जाळ्यात काय यावं, हे आपल्या दिवाणखान्यातल्या पेटीने ठरवू नये. जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या शौकिनाला. तशी सोय आधी पाहून ठेवावी आणि मगच पहिला मासा विकत घ्यावा.