ढग गाळणारे रान

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा देश आकाराने महाराष्ट्राच्या एक षष्ठांशाएवढा. त्याच्या कण्यासारख्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, मोन्तेवेर्दे हे राखीव मेघवन आहे. मेघवन म्हणजे वर्षातील बराच काळ ढगातच बुडालेले जंगल. आम्ही तेथे गेलो ते मार्चमध्ये, म्हणजे तिकडच्या कोरड्या ऋतूत. पाऊस नव्हता, तरी पायवाटा चिंब होत्या आणि झाडांखाली सारखी टपटप चालू होती. मग हे पाणी येते कोठून?

कॅरिबियन समुद्रावरून येणारे दमट व्यापारी वारे या डोंगरांवर आदळून वर चढतात. वर जाणारी हवा प्रसरण पावते आणि दर हजार मीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. एका विशिष्ट उंचीवर तिच्यातील बाष्पाचे थेंब बनू लागतात. हीच ढगाच्या तळाची उंची. सह्याद्रीवर जुलैत हेच घडते. पण आपले मोसमी वारे चार महिन्यांचे पाहुणे, तर व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर वाहतात.

ढगातील थेंबाचा व्यास मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांएवढा असतो. इतका हलका थेंब खाली पडण्याऐवजी वाऱ्याबरोबर आडवा वाहत जातो. त्यामुळे पर्जन्यमापकाला त्याचा पत्ताच लागत नाही. पण पानाला, शेवाळाला तो अडकतो. अनेक थेंब मिळून मोठा थेंब होतो आणि ओघळतो. येथल्या झाडांच्या फांद्यांवर शेवाळे, नेचे, आमरी यांचे इतके जाड थर असतात, की मूळ साल दिसणेही मुश्कील. या अपिवनस्पती म्हणजे ढग गाळणारे स्पंजच. त्यांच्याखाली फांदीवरच कुजकी माती साठते. भारतीय वंशाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी १९८१ साली दाखवून दिले, की काही झाडे आपल्याच फांद्यांतून मुळे फोडून ही माती शोषतात. हे त्यांना प्रथम अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील वर्षावनात आढळले, पुढे मोन्तेवेर्देतही.

अमेरिकेतील अलाबामातून क्वेकर पंथाची काही कुटुंबे १९५१ मध्ये येथे आली. सक्तीची लष्करभरती त्यांना मान्य नव्हती आणि कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच मोडीत काढले होते. त्यांनी दुधाचा धंदा उभारला, परंतु ओढ्यांच्या उगमाकडचे रान पाण्यासाठी न तोडता राखले. राखीव क्षेत्र झाले ते १९७२ मध्ये, जीवशास्त्रज्ञ जॉर्ज पॉवेल यांच्या पुढाकाराने. येणाऱ्या बहुतेकांना केत्साल पाहायचा असतो. या हिरव्या पक्ष्याच्या नराची पिसे शरीराहूनही लांब असतात. अॅव्होकाडोच्या रानटी भाईबंदांची फळे त्याला प्रिय. मात्र वीण संपल्यावर तो फळांच्या शोधात खालच्या उतारांवर, राखीव क्षेत्राबाहेर जातो. त्याच्यापुरते पाहिले तरी हे क्षेत्र अपुरेच.

आमच्या मते मोन्तेवेर्देची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता तेथे दिसत नाही. सोनेरी भेक जगात फक्त याच कड्यावर, काही चौरस किलोमीटरांत राहत असे. नर झगझगीत नारिंगी. पावसाळ्याच्या तोंडाशी काही दिवसच हे भेक बाहेर येत आणि झाडांच्या मुळांमधल्या डबक्यांत अंडी घालत. १९८७ मध्ये दीड हजारांहून अधिक भेक मोजले गेले, पण डबकी आटली आणि बहुतेक अंडी वाया गेली. १९८९ मध्ये एकच नर दिसला. त्यानंतर एकही नाही. २००४ मध्ये ही जाती नामशेष म्हणून नोंदली गेली.

कारण काय? १९९९ मध्ये अॅलन पाउंड्स व सहकाऱ्यांनी दाखवले, की १९७० च्या दशकाच्या मध्यापासून येथील धुक्याविना जाणारे दिवस वाढले आहेत. समुद्र तापल्याने ढगाचा तळ वर सरकत असावा, असा त्यांचा तर्क. खालच्या उबदार रानातले टुकन पक्षीही वर येऊन केत्सालच्या शेजारी घरटी करू लागले होते. उभयचरांच्या त्वचेवर वाढणाऱ्या एका घातक बुरशीवरही संशय होता. मग २०१० मध्ये अँकुकायटिस व इव्हान्स यांनी झाडांच्या लाकडातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून शंभर वर्षांचा ओलाव्याचा इतिहास काढला. त्यात सातत्याने कोरडे होत जाण्याचा कल आढळला नाही; १९८६-८७ च्या एल निन्योचा कोरडेपणा मात्र ठळक दिसला. म्हणजे दुष्काळाने भेक मोजक्या ओल्या जागी एकवटले आणि तेथे बुरशीने त्यांना गाठले, असे असू शकेल. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. वरच्या वर्गांत तो मांडून कोणता पुरावा कशाला पुरेसा आहे, यावर विद्यार्थ्यांना बोलू द्यावे.

घाटमाथ्यावरच्या शाळांना आणखी एक गोष्ट करता येईल. दाट धुके आहे पण पाऊस नाही, अशा सकाळी सारख्या तोंडाची दोन भांडी ठेवावीत: एक मोकळ्यावर, दुसरे शेवाळलेल्या झाडाखाली. दोन तासांनी दोन्हींतले पाणी मोजून पाहावे. धुके वाऱ्याने सरकत असेल तर फरक अधिक पडतो, म्हणून वाऱ्याची नोंदही ठेवावी.