विजेने वाढणारी भेग

गॅस पेटवण्याचा लायटर तुम्ही पाहिलाच असेल. त्याचा खटका दाबला, की ‘टक्’ असा आवाज होतो आणि ठिणगी पडते. अशा साध्या लायटरमध्ये सेल नसतो. मग वीज येते कोठून?

लायटरच्या आत एक लहानशी कांडी असते. चिनी मातीच्या कपाप्रमाणे ती भट्टीत भाजून तयार करतात. खटका दाबल्यावर एक छोटी हातोडी तिच्यावर आपटते. दाब पडताच कांडीच्या दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टचा विद्युतदाब निर्माण होतो. दाबातून वीज देण्याच्या या गुणाला पीझोइलेक्ट्रिक गुण म्हणतात. झाक क्यूरी आणि प्येर क्यूरी या फ्रेंच भावांनी १८८० साली काही स्फटिकांत तो प्रथम दाखवून दिला. यांतील प्येर हे पुढे मेरी क्यूरी यांचे पती झाले.

याच्या उलटही घडते. अशा पदार्थाला वीज दिली, की तो किंचित लांबतो किंवा आखडतो. १ मिलिमीटर जाडीच्या चकतीला १००० व्होल्ट दिले, तर तिची जाडी जेमतेम १ मायक्रोमीटरच्या आसपास बदलते. आपला केसही याच्या पन्नासपट जाड असतो.

एवढ्याशा हालचालीने काय बिघडणार, असे तुम्हांला वाटेल. पण हा पदार्थ काचेसारखा ठिसूळ असतो. दाब तो चांगला सोसतो, ताण मात्र सोसत नाही. आणि ताण त्याच्या आतच तयार होतो.

तो कसा? या पदार्थात अतिशय सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला धन व ऋण अशी दोन टोके असतात आणि त्याची घडण एका दिशेने किंचित लांबट असते. कवायतीच्या रांगेतील मुले आठवा. सगळी दाटीवाटीने उभी आहेत आणि ‘पीछे मुड’ असा हुकूम झाला. काही मुले चटकन वळली, काही अर्ध्यातच अडकली, तर कोपराला कोपर लागणारच. जोरदार विद्युतक्षेत्राची दिशा उलटली, की कप्प्यांचेही तसेच होते. वळणारा कप्पा शेजाऱ्याला ढकलतो किंवा ओढतो.

आता त्यात एखादी बारीक भेग असेल, तर? भेगेत हवा असते. हवा आणि हा पदार्थ यांचे विजेच्या बाबतीतले गुण फार वेगळे आहेत. म्हणून आडव्या भेगेच्या टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटते. तेथले कप्पे इतरांहून जास्त वळतात आणि भेगेचे टोक ताणले जाते. १९९४ साली काओ आणि इव्हान्स या संशोधकांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. विद्युतक्षेत्र पुन्हा पुन्हा उलटवले, की भेग थोडी थोडी पुढे सरकते, असे त्यांना दिसले. क्षेत्र पुरेसे जोरदार नसेल, तर ती जवळजवळ वाढत नाही. म्हणजे बाहेरून कोणीही न ओढता, नुसत्या विजेने वस्तू तडकू शकते!

काही डिझेल गाड्यांच्या इंजिनात इंधन फवारण्यासाठी असे पदार्थ वापरतात. तेथे पातळ थर वहीच्या पानांसारखे एकमेकांवर रचलेले असतात आणि दोन थरांमध्ये धातूचा पत्रा नव्हे, तर धातूचा अगदी पातळ लेप असतो. हा लेप बऱ्याचदा एका कडेच्या थोडा अलीकडे संपतो. लेपाखालचा भाग लांबू पाहतो, कडेचा भाग मात्र जागचा हलत नाही. भेग बहुधा येथेच सुरू होते. ती वाढून दोन लेपांना जोडणारी वाट झाली, तर तेथून वीज उडते आणि तो भाग निकामी होतो.

विद्युतक्षेत्राच्या दिशेमुळे काय फरक पडतो, याविषयी मात्र शास्त्रज्ञांचे एकमत नाही. एका दिशेचे क्षेत्र भेगेला मदत करते आणि उलट दिशेचे तिला अडवते, असे काही प्रयोगांत आढळले. दुसऱ्या काही प्रयोगांत दोन्ही दिशांनी पदार्थ कमजोरच झाला.

कारखान्यात मात्र या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. तेथे थरांची ही चळत एका मजबूत स्प्रिंगमध्ये घट्ट दाबून बसवतात. वीज दिल्यावर ताण निर्माण झाला, तरी स्प्रिंगचा दाब त्यातला बराचसा रद्द करतो आणि भेगेचे तोंड मिटलेले राहते.