काळ्या भुईच्या भेगांतला बिऱ्हाडकरू

शेतातल्या उंदराविषयी व्याख्यान म्हटल्यावर पुष्कळांना हसू येईल. परंतु ज्वारीच्या पिकात तो आपल्या बरोबरीचा वाटेकरी आहे. तेव्हा त्याचे घर कोठे आणि पोट कशावर, हे ठाऊक असलेले बरे.

शास्त्रज्ञ त्याला मिलार्डिया मेल्टाडा म्हणतात. लव मऊ, रंग मातकट, पोट फिकट. बीळ खणण्यात तो मोठा आळशी. झुडपाच्या मुळाशी ओबडधोबड भोक, दगडांचा ढीग, दुसऱ्याने सोडलेले बीळ, काहीही चालते. त्याचा खरा वाडा मात्र काळी जमीनच बांधून देते. ही माती ओलीने फुगते, उन्हाने आकसते. चैत्र-वैशाखात रान असे भेगाळते की काठी सहज आत जावी. वर पारा चाळिशीपलीकडे, खाली गारवा. मग मृगाचा पाऊस कोसळला की माती फुगते, भेगा मिटतात आणि पुष्कळ उंदीर आतच गाडले जातात.

हे घडले नाही तर काय होते, ते वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने धारवाडकडच्या मुलखाविषयी १८३९ साली लिहून ठेवले आहे. १८२६ साली हंगामाच्या आरंभीच पावसाने ओढ दिली. उंदीर बेसुमार वाढले. पेरलेले बी त्यांनी खाल्ले. पुढे ताटांवर चढून कणसे तोडली. रयतेला सारा भरता येईना. उंदीर मारायला वडार लावले. इतक्या डझनांना एक माप धान्य, म्हणजे आमच्या युनियनच्या भाषेत नगावर मजुरी. ज्यांचे पीकच गेले त्यांचे माप कितीसे भरत असेल, असा प्रश्न माझ्यासारख्याला पडतोच. हजारो मारले, तरी संख्येत फरक दिसेना. मादी सुमारे वीस दिवसांत विते, एका वेळी पाचसहा पिल्ले देते. काठी तिला कशी पुरी पडणार?

आफ्रिकेत, टांझानियातल्या मक्याच्या शेतांत, मॅस्टोमिस नावाचा उंदीर आहे. तेथे उलट घडते: पाऊस लवकर आणि भरपूर झाला की त्याची पैदास उसळते. पाऊस तेथे अन्न पुरवतो, येथे घर मोडतो.

उजनीचे पाणी आल्यावर आपल्याकडे हा हिशेब बदलला. बारमाही ओल्या उसाच्या रानात भेगा पडत नाहीत, तेव्हा त्या मिटण्याचे भयही नाही. आणि बांधावरचे गवत उन्हाळ्यातही हिरवेच राहते.