मनीची विमानतळावरची तपासणी



एस.टी.तून कोंबडी नेलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. बाजाराच्या दिवशी टेम्पोतून शेळी जाते. पण मांजर विमानातून गेलेले कुणी पाहिले आहे का? आमची मनी गेली! तिची ही हकिकत, आणि हकिकतीबरोबर थोडी माहिती.

मनी आमच्याच गोठ्यात जन्मली. दोन महिन्यांची झाल्यावर माझी आत्या तिला मुंबईला, अंधेरीच्या मरोळ भागात घेऊन गेली. पुढे आतोबांची बदली बंगळूरला झाली. आत्याच्या सासूबाई थकलेल्या. त्यांना आगगाडीचा एवढा लांबचा प्रवास झेपेना, म्हणून विमानाची तिकिटे काढली. शेजारचे म्हणाले, "मांजर कसली नेताय? मासळी बाजाराजवळ सोडून द्या, जगेल कशीही." आत्याला त्या रात्री झोप आली नाही. घरात वाढलेल्या मांजराला गाड्यांची आणि बाहेरच्या कुत्र्यांची सवय नसते. शिवाय पाळलेले जनावर असे उपाशी मरायला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "मनी येणार नसेल तर मीही येत नाही." झाले! मनीचे नक्की ठरले.

भीती एकच होती. विमानतळावर सगळे सामान यंत्रात घालतात म्हणे. मग मनीलाही त्यात घालतील का?

तपासणी कशासाठी?

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' नावाचे विमान दोघांनी धाक दाखवून लाहोरला नेले. त्यांच्या हातात काय होते ठाऊक आहे? खोटे पिस्तूल आणि लाकडाचा हातबाँब! विमानात बसलेल्यांना ते खरे की खोटे कसे कळणार? पुढे डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान कंदाहारला पळवले गेले. त्यानंतर २००० सालापासून आपल्या विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागली. अंधेरीजवळ सहारला छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. तिथेही दारापासून याच दलाचे जवान उभे असतात. तिकीट आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय ते कुणालाही आत सोडत नाहीत. आम्हीही पोचवायला गेलो होतो, पण आम्हाला दारातच थांबावे लागले. पुढचे सारे आत्याने नंतर फोनवर सांगितले.

यंत्रे दोन, कामे दोन

पहिले यंत्र सामानाचे. पिशव्या एका सरकत्या पट्ट्यावर ठेवतात आणि त्या बोगद्यासारख्या पेटीतून जातात. आत क्ष-किरण असतात. राँटजेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली त्यांचा शोध लावला. हात मोडला की दवाखान्यात फोटो काढतात ना, तेच हे किरण. ते कापडातून सहज पार जातात, लोखंडातून जात नाहीत. म्हणून पिशवीतली सुरी पडद्यावर लगेच दिसते.

दुसरे यंत्र माणसांचे. ती एक दाराची चौकट असते. चौकटीत तारांची वेटोळी असतात व त्यांत वीज खेळत असते. धातूची वस्तू जवळ आली की तिथले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि यंत्र वाजते. इथे क्ष-किरण नसतात.

आता सांगा पाहू, मनी कोणत्या यंत्रातून गेली? दुसऱ्या! जिवंत जनावर सामानाच्या यंत्रात कधीच घालायचे नसते. आत अंधार, आवाज आणि सरकता पट्टा. जनावर घाबरून स्वतःला इजा करून घेईल, आणि किरणही विनाकारण अंगावर पडतील.

मनीची तपासणी अशी झाली

१. आत्याने रांगेत उभे राहतानाच जवानांना सांगितले, "पिशवीत मांजर आहे." हे आपणहून सांगणे सर्वांत महत्त्वाचे.

२. मनीला जाळीच्या पिशवीतून बाहेर काढले. तिच्या छातीला कापडी पट्टा होता व त्याची दोरी आत्याच्या मनगटाला बांधलेली होती. गोंगाटात मांजर हातातून निसटले तर एवढ्या मोठ्या इमारतीत सापडायचे कसे?

३. रिकामी पिशवी सामानाच्या यंत्रातून गेली.

४. आत्या मनीला छातीशी धरून चौकटीतून गेली. यंत्र वाजले! मनीच्या गळ्यात मी बांधलेले पितळी घुंगरू तसेच राहिले होते. ते सोडून ताटलीत ठेवावे लागले. (चूक माझी, पण मनी काही बोलली नाही!)

५. बायकांची तपासणी पडद्याच्या खोलीत महिला जवान करतात. तिथे त्यांनी हातातले छोटे यंत्र आत्याच्या आणि मनीच्याही अंगावरून फिरवले. मग मनी पुन्हा पिशवीत गेली.

सगळे मिळून पाच-सात मिनिटे लागली. ज्याची भीती वाटत होती ते काम इतके साधे निघाले. पण ते साधे झाले, कारण आत्याने तयारी आधीपासून केली होती. महिनाभर जाळीची पिशवी घरात उघडी ठेवली होती. मनी आपणहून तिच्यात झोपू लागली तेव्हा कुठे आत्याला धीर आला.

न सांगता गेलेले मांजर

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एक गंमत झाली. एका प्रवाशाची बॅग यंत्रातून जाताना पडद्यावर चार पाय आणि शेपूट दिसली! उघडून पाहतात तो आत पिवळसर रंगाचे मांजर. घरात बॅग भरताना ते गुपचूप आत शिरले होते. प्रवाशाला त्याचा पत्ताच नव्हता. मांजर सुखरूप घरी गेले. पण ते दिसलेच नसते तर? म्हणून मांजराच्या घरी बॅग बंद करण्यापूर्वी एकदा आत हात घालून पाहावे.

कागदपत्रे आणि वजन

सगळ्या विमानात जनावर चालतेच असे नाही. काही कंपन्या अजिबात नेत नाहीत. मुंबईच्या अकासा एअर या कंपनीने नोव्हेंबर २०२२ पासून कुत्री-मांजरे न्यायला सुरुवात केली. प्रवाशाजवळ ठेवायचे तर सुरुवातीला पिंजऱ्यासकट ७ किलो अशी मर्यादा होती. मोठे जनावर पिंजऱ्यात घालून विमानाच्या पोटात, सामानाच्या जागी ठेवतात. वजनाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावे. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास घ्यायला मुळातच त्रास होतो, तेव्हा त्यांच्याबाबत डॉक्टरांचा सल्ला हवाच. झोपेचे औषध तर मनाने कधीही देऊ नये.

कागद दोन लागतात: एक, प्रवासाला प्रकृती ठीक असल्याचा जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, दोन, रेबीजची लस टोचल्याची नोंद. हा दुसरा कागद विमानात न बसणाऱ्यांनाही हवा, बरे का! रेबीज एकदा झाला की जवळजवळ कुणी वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे त्याने दगावतात. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस टोचावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. आपल्या दारातल्या किती कुत्र्या-मांजरांना ती टोचली आहे? कुणाला चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच आरोग्य केंद्रात जावे. हळद-चुना लावत बसू नये.

काय नेता येत नाही?

जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप आणि ५ कासवे सापडली. असे प्राणी चोरून आणणे हा गुन्हा आहे. आणि आपल्याकडे घरोघर पिंजऱ्यात दिसणारा हिरवा पोपट? तोही वन्य पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो पकडता, विकता किंवा पाळता येत नाही. मग विमानातून नेण्याची गोष्टच सोडा!

विमानतळाबाहेरचे राखणदार

मुंबई विमानतळावर वासावरून स्फोटके शोधणारी शिकवलेली कुत्री आहेत. बाहेर भटकी कुत्रीही असतात. जुलै २०२३ मध्ये पहिल्या टर्मिनलच्या बाहेर राहणाऱ्या २० कुत्र्यांच्या गळ्यात ओळखपत्रे घातली गेली. त्यांवरच्या ठशाचा मोबाईलने फोटो घेतला की कुत्र्याचे नाव आणि लसीची माहिती कळते. ज्यांना मालक नाही त्यांनाही ओळख मिळाली. मग ज्यांना मालक आहे त्यांचे कागद आपण का ठेवू नयेत?

मनी आता बंगळूरला खिडकीत बसून कबुतरे पाहते. सासूबाईंच्या पायाशी झोपते. तिला "मला टाकून जाऊ नका" असे सांगता आले नसते, आणि "मला यंत्रात घालू नका" असेही सांगता आले नसते. ते तिच्या वतीने आत्याने सांगितले. मुके जनावर पाळले की त्याच्या वाटचे बोलणे आपल्याकडे येते. मग ते विमानतळ असो, नाहीतर आपल्या तालुक्याचा गुरांचा दवाखाना.

मित्रांनो, या रविवारी एवढे करा. घरातल्या कुत्र्या-मांजराची शेवटची लस कधी झाली, ते मोठ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

— इयत्ता ७ वी