पांढरा बगळा करडा का येतो?

रंकाळ्याच्या काठाने सकाळी फिरणाऱ्यांमध्ये गळ्यात कॅमेरा अडकवलेली दोन-चार माणसे हमखास दिसतात. त्यांत शिक्षकही असतात. पहिल्या वर्षी उत्साह दांडगा असतो. बगळा, पाणकावळा, खंड्या, वारकरी, जे समोर येईल ते टिपले जाते. मग एक टप्पा असा येतो की शंभरातले पाच-सहा फोटो बरे निघतात आणि तेही कशामुळे बरे निघाले हे सांगता येत नाही. बहुतेक जण इथेच मोठ्या भिंगांच्या किमती विचारू लागतात. खिशात हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी शिकून घ्याव्यात असे मला वाटते. एक, कॅमेरा प्रकाश कसा मोजतो आणि दुसरी, समोरचा जीव दिवस कसा घालवतो. यांतल्या पहिलीसाठी तर तलावावरही जायला नको, वर्गखोली पुरते.

एक प्रयोग करून पाहा. कॅमेरा स्वयंचलित ठेवा. वर्गातल्या काळ्या फळ्याचा असा फोटो काढा की चौकटीत फळ्याशिवाय काहीही येणार नाही. मग त्याच उजेडात चुना दिलेल्या भिंतीचा तसाच फोटो काढा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मुलांना विचारा, यातला फळा कोणता आणि भिंत कोणती? दोन्ही जवळजवळ सारखीच करडी आलेली असतील! मोबाइलवरही थोड्याफार फरकाने हेच दिसते.

असे का होते? कॅमेऱ्याला कळतो तो वस्तूवरून परत आलेला प्रकाश. कमी प्रकाश आला तर वस्तू काळी आहे की उजेडच कमी आहे, हे ठरवायला त्याच्याजवळ साधन नसते. म्हणून तो एक गृहीत धरतो: समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारे आहे. रस्ता, झाडे, माणसे यांच्या मिश्र दृश्याला हे गृहीत चालते. फळ्याला आणि भिंतीला चालत नाही. आजचे कॅमेरे दृश्याचे अनेक भाग पाडून हिशेब करतात, पण मूळ अडचण पूर्णपणे सुटलेली नाही.

आता तलावाकडे वळू. चौकट भरून बगळा घेतला, तर तो भिंतीसारखा करडा येतो. उलट, सावलीतल्या काळ्या पाण्यावर दूर उभा असलेला लहानसा बगळा घेतला, तर कॅमेरा पाण्याकडे पाहून प्रकाश वाढवतो आणि बगळ्याची पिसे चुन्याच्या ठिपक्यासारखी सपाट होतात. पक्षी एकच, पण चुका विरुद्ध दिशांच्या. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेले एक बटण असते. पहिल्या वेळी ते अधिककडे आणि दुसऱ्या वेळी उणेकडे न्यायचे. दाजीपूरच्या जंगलात तिन्हीसांजेला दिसणारा गवा म्हणजे तर चालता फळाच. उणे एक केले की त्याचा रंग खरा येतो आणि चित्र घेण्याचा वेळही निम्मा होतो, त्यामुळे हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी होतो.

हा ‘वेळ’ मुलांना गणितातून सांगता येईल. चतुर सेकंदाला ५ मीटर वेगाने उडतो असे धरू. झडप १/१०० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्यात तो ५ सेंटिमीटर पुढे जाईल, म्हणजे चित्रात फक्त एक पट्टा उमटेल. १/१००० सेकंदात तो ५ मिलिमीटरच सरकेल. पण वेळ दहापट कमी केला की प्रकाशही दहापट कमी मिळणार. तो भरून काढायला भिंगातले छिद्र मोठे करावे लागते. छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे विचित्र का असतात, हे नववीच्या मुलांना जरूर शोधू द्या. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने आकडा दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण १.४ ने, वाढला की प्रकाश निम्मा होतो. शिवाय छिद्र मोठे केले की सुस्पष्ट दिसणारा भाग अरुंद होतो. चतुराचे डोळे रेखीव आणि शेपूट धूसर येते ती यामुळे. फुकट काहीच मिळत नाही.

दुसरी गोष्ट शिकायला ढोकरीसारखा गुरू नाही. मातकट, रेघारेघांचा हा लहान बगळा काठावर इतका निश्चल उभा असतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही, आणि उडाला की पांढरेशुभ्र पंख अचानक उघडतात. उडण्याआधी बरेच पक्षी शिटतात, अंग किंचित दाबतात आणि वाऱ्याला सामोरे होऊन झेपावतात. म्हणून वारा आपल्या पाठीशी असेल तर पक्षी आपल्या दिशेने येण्याची शक्यता वाढते. रंकाळ्याचा शहराकडचा काठ पूर्वेचा आहे, तिथे सकाळी सूर्यही पाठीशी राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर विणीचा काळ आला की याच ढोकरीची पाठ गर्द तांबूस होते आणि डोक्यावर लांब तुरे येतात. वर्षभर एकाच काठावर जाणाऱ्याला हा बदल टप्प्याटप्प्याने टिपता येतो. दर रविवारी नवे ठिकाण गाठणाऱ्याला तो दोन वेगळे पक्षी वाटण्याचा संभव असतो.

कोल्हापुरात ही रीत नवी नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले चित्रकार आबालाल रहिमान (निधन १९३१) यांनी कोटितीर्थाच्या परिसराची निसर्गचित्रे पुनःपुन्हा काढली. तळे तेच असले, तरी प्रकाश तोच नसतो.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. निसर्गछायाचित्रणाच्या इतिहासातले एक गाजलेले चित्र घरट्याचेच आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी १८९२ साली पक्ष्याचे घरटे अंड्यांसह टिपले. पुढे त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यात लपून पक्ष्यांचे फोटो काढले. त्यांची चिकाटी घ्यावी, विषय मात्र घेऊ नये. आपण घरट्याजवळ उभे राहिलो की पालक पक्षी दूर जातो. उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळातही तापून निकामी होऊ शकतात. चित्र नीट दिसावे म्हणून आड येणारी फांदी बाजूला केली, की कावळ्यालाही घरटे नीट दिसते. आपण निघून गेल्यावर काय झाले ते चित्रात येत नाही.

कायदा इथे पुरेसा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी नासवणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांचा समावेश आहे. दाजीपूरचे रान कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव जंगल होते, १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. बंदुकी गेल्या, पण घरट्यापाशी गेलेला कॅमेरावालाही कायद्याने शिकारी ठरू शकतो.

बेडकांबाबत अशीच काळजी हवी. आंबोलीच्या पठारावर सापडणारा आणि २००९ साली नवीन जाती म्हणून नोंदवला गेलेला छोटा भेक अत्यंत संकटग्रस्त मानला जातो. पावसाळी रात्री विजेरी घेऊन निघालेल्या घोळक्यात पायाखाली काय येते हे पाहिले जातेच असे नाही. बेडूक उचलून सोयीच्या पानावर ठेवण्याचाही प्रकार चालतो. त्याची त्वचा श्वसनाचे काम करते आणि आपल्या हाताला डास पळवणारे मलम असते! ज्या चित्रासाठी प्राणी हलवावा लागतो, ते चित्र सोडून द्यावे.

राहिली नोंद. फोटोबरोबर तारीख आणि वेळ कॅमेरा आपोआप साठवतो, मात्र त्यातले घड्याळ बरोबर आहे ना हे तपासावे लागते. ठिकाण, हवामान आणि पक्षी काय करत होता हे वहीत लिहावे. अशी नोंद असलेले साधे चित्रही ई-बर्डसारख्या नोंदसंग्रहात उपयोगी पडते. नोंद नसलेले सुंदर चित्र तिथे कामाचे नाही. शाळेत भिंतीवर बारा चौकटींचा एक तक्ता लावता येईल. गावच्या तळ्यावरची ढोकरी, दर महिन्याला एक फोटो, खाली तारीख, वेळ आणि पाठीचा रंग. जूनची चौकट सुट्टीमुळे आणि पावसामुळे बहुधा रिकामी राहते, आणि रंग पाहण्याजोगा असतो तो नेमका तेव्हाच. तळ्याजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाकडे ती चौकट मे महिन्यातच सोपवून ठेवावी.